'नुसती पाटी बदलली' म्हणणाऱ्या 'परखड' यांना

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडमधली वेड्यांची इस्पितळं कशी होती आणि तिथे समलिंगी माणसांचं काय व्हायचं, यावरच्या माझ्या लेखाला 'परखड' या टोपणनावाने प्रतिक्रिया आली आहे. तिथल्या 1930 च्या मानसिक उपचारांच्या कायद्याचं (मेंटल ट्रीटमेंट ॲक्ट) मी केलेलं कौतुक भाबडं आहे, 'नुसती पाटी बदलली, आतलं कुलूप तेच', डोक्यावर तुरुंग टांगलेला असताना 'स्वेच्छेने दाखल' म्हणणं हे ढोंग, बायकांबद्दल एक ओळ नाही, सालही चुकलं. आणि शेवटी, 'ताई, जरा वाचन वाढवा.'

सालाची चूक माझी. कायदा 1930 चा, अंमल 1 जानेवारी 1931 पासून. मी 1929 लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार. वाचन वाढवायला न सांगताही हे कळवता आलं असतं.

आता पाटी. मी 27 वर्षं मनोरुग्णालयात सिस्टर होते. चाव्यांचा जुडगा बाळगून कमरेला डाव्या बाजूला घट्टा पडलाय, त्यामुळे कुलूप मला कुणी शिकवू नये. 1890 च्या ल्युनसी, म्हणजे वेडेपणाविषयीच्या, कायद्याखाली सरकारी इस्पितळात शिरायला मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागायचा. म्हणजे माणूस आधी कागदोपत्री वेडा ठरायचा, उपचार मागाहून. 1930 नंतर तो स्वतः अर्ज करून येऊ शकत होता आणि 72 तासांची लेखी नोटीस देऊन निघूनही जाऊ शकत होता. ही तुमच्या लेखी पाटी! लंडनचं मॉड्सली इस्पितळ तर 1923 पासून आपणहून येणाऱ्यांनाच घेत होतं. 1930 च्या कायद्याने 'असायलम' (वेड्यांचं इस्पितळ) गेलं, 'ल्युनॅटिक' (वेडा) गेलं. शब्दाने काय होतं असं विचारणाऱ्याने तो शब्द एकदा आपल्या घरातल्या माणसाच्या केसपेपरवर वाचून बघावा.

तुरुंग मी नाकारलाय कुठे? 1885 च्या कायद्याने समलिंगी संबंधांसाठी पुरुषांना 2 वर्षांपर्यंत सक्तमजुरी व्हायची, ते लेखात आहे. वर्मवुड स्क्रब्जच्या तुरुंगात 1934 पासून कैद्यांवर मानसोपचाराचा प्रयोग चालला, त्यात लैंगिक गुन्ह्यांतले होते, हेही ठाऊक आहे. पण तो तुरुंगाचा विषय. मी इस्पितळावर लिहीत होते.

बायकांचं म्हणाल तर 1921 मध्ये त्यांनाही त्या कायद्यात ओढायचा प्रयत्न झाला आणि संसदेच्या वरच्या सभागृहात लॉर्डांनी तो हाणून पाडला. त्याआधी खालच्या सभागृहातल्या चर्चेत मूर-ब्रॅबझन नावाच्या खासदाराने तीन वाटा मोजून दाखवल्या होत्या: मृत्युदंड, वेडे ठरवून जन्मभर कोंडणं, नाहीतर सरळ दुर्लक्ष. त्याचा कल तिसरीकडे होता. हा वेगळ्या लेखाचा ऐवज आहे. एकाच ताटात सगळं वाढायची मला सवय नाही.

पुन्हा पाटीकडे येते, कारण ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. 1994 साली एका मुलाला त्याच्या वडिलांनी आमच्याकडे आणलं. मित्राबरोबर सापडला होता, आणि लग्न ठरलेलं. 'स्वखुशीने दाखल'च्या फॉर्मवर सही त्याचीच, पण पेन धरलेल्या हातावर वडिलांचा हात होता. मी टेबलाच्या या बाजूला उभी होते. (तुम्ही इथे काय म्हणणार ते कळतंय मला. थांबा जरा.) नवव्या दिवशी त्याने औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून माझ्या हातात दिलं, 'मला जायचं आहे. घरी नाही.' डॉक्टर भडकले. वडिलांना ट्रंककॉल झाला. पण आपल्याकडे तेव्हा लागू असलेला 1987 चा मानसिक आरोग्य कायदाही त्याच धाटणीचा होता. फॉर्म स्वखुशीचा होता, म्हणून दुसऱ्या सकाळी गेट मीच उघडलं. तो कोर्टाच्या हुकमाने आलेला असता तर पुठ्ठा कचऱ्यात गेला असता.

यापुढे प्रतिक्रिया खऱ्या नावाने आली तरच इथे ठेवीन. 'परखड' हे काही नाव नव्हे.