मिगला वायर ब्रश लावण्याआधी

नाशिकच्या ग्रुपांवर सध्या एक आवाहन फिरतंय. मथितार्थ असा: ओट्यांवर उभी केलेली जुनी मिग-२१ लढाऊ विमानं अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे न गंजणारी. रविवारी श्रमदान करू, वायर ब्रशने घासू, ऑइल पेंट मारू. ओझरला विमानांचा कारखाना आहेच, मनावर घेतलं तर उडतीलसुद्धा!

हेतू चांगला, माहिती घातक.

‘गंजत नाही’ हे शुद्ध अ‍ॅल्युमिनियमपुरतं बऱ्यापैकी खरं. विमानाच्या ड्युरॅल्युमिन या मिश्रधातूत मात्र ताकदीसाठी सुमारे ४ टक्के तांबं असतं, आणि गंजाला वाट मिळते ती तिथेच. मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणात विळा बुडवून बघणाऱ्या द्राक्षवाल्याला हे समजावावं लागणार नाही. चुना कमी पडला की पात्यावर तांबं चढतं आणि तेवढं लोखंड विरघळतं. ओलाव्यात तांब्याशेजारचा धातू असाच झिजतो. विमानात ही झीज रंगाखाली, सांध्यांत, रिव्हेटच्या डोक्याभोवती चालते. तांबूस डाग दिसत नाही म्हणून सगळं ठीक वाटतं. दिसते ती पांढरी भुकटी, मग रंगाचा फुगवटा, शेवटी पत्र्याचे पापुद्रे. पोटाखालची निचऱ्याची भोकं माती नि घरट्यांनी बुजली, तर पावसाळाभर पाणी आतच.

वायर ब्रश तर नकोच. अनेक पत्र्यांवर राखणीसाठी शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो. ब्रश तोच खरवडतो, वर लोखंडाचे कण रुतवून ठेवतो. शिवाय रंगाखालच्या जुन्या प्रायमरमध्ये क्रोमेट (क्रोमियमचं संयुग) असू शकतं, त्याची धूळ कर्करोगकारक. आणि या श्रमदानाला शाळेतली मुलं बोलावताय?

ऑइल पेंटबद्दल एवढंच: योग्य प्रायमरशिवाय तो अ‍ॅल्युमिनियमवर टिकत नाही.

राहिलं उड्डाण. एचएएलने (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) ओझरला मिग-२१ बांधली, पण ते उत्पादन १९८० च्या दशकातच संपलं. २६ सप्टेंबर २०२५ ला वायुदलाने चंदीगडमध्ये या विमानाला निरोपही दिला. थकलेल्या धातूतल्या बारीक भेगा डोळ्यांना दिसत नाहीत, त्या डाय पेनिट्रंट (भेगेत झिरपणारा रंग) किंवा एडी करंट (विद्युतप्रवाह) तपासणीत सापडतात. कुणी २०१८ मध्ये वायुदलात आलेल्या डाकोटाचा दाखला देतं. ते पंख्यांचं मालवाहू विमान, तेही ब्रिटनमध्ये रीतसर दुरुस्त होऊन आलेलं. ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी बांधलेल्या सांगाड्याशी त्याची तुलना कशी करणार?

श्रमदान करायचंच तर जाणकार सोबत घेऊन आधी निचऱ्याची भोकं मोकळी करा, सांधे तपासा, टायरवरचा भार स्टँडवर घ्या. आणि वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटची काडतुसं काढल्याची लेखी खात्री होईपर्यंत कॉकपिटला हात लावू नका.