डोके उडवा, शेपूट छाटा

रविवारी संध्याकाळी सात वाजता मावशीने आमच्या कुटुंबाच्या गटावर एक कोडे टाकले, 'उत्तर उद्या सकाळी' असे खाली लिहिले आणि फोन बंद करून ती मोकळी झाली. दुसऱ्याच्या डोक्यात भुंगा सोडून स्वतः शांत झोपी जाणे ही एक सिद्धी आहे, आणि मावशीला ती लहानपणापासून प्राप्त असावी. कोडे असे होते:

तीन अक्षरी माझे नाव.
डोके उडवा, हुकूम सोडतो;
शेपूट छाटा, भिंत रंगवतो;
पोट काढा, माझाच रंग उरतो.

शब्दकोडी सोडवण्याबद्दल घरात माझा थोडा दबदबा आहे, आणि तो मी स्वतःच निर्माण केलेला असल्यामुळे त्याची राखणही मलाच करावी लागते. मात्र मला सवय आहे ती चौकटींच्या कोड्याची. २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत हिऱ्याच्या आकाराचे पहिले शब्दकोडे छापून आले, तेव्हापासून माणसाला एकट्याने कोपऱ्यात बसून, पेन्सिलीने लिहून आणि कोणाच्या नकळत खोडून आपली अब्रू सांभाळण्याची सोय झाली. गटावर ही सोय नसते. तिथे आपले चुकीचे उत्तर वेळेसकट नोंदवले जाते आणि चौदा नातेवाइकांनी ते पाहिल्याच्या निळ्या खुणाही उमटतात.

तरीही चौथ्या मिनिटाला मी 'कुंचला' असे ठोकून दिले. डोके उडवले की 'चला' उरते, हा स्वच्छ हुकूम आहे, आणि कुंचला भिंत रंगवतो याबद्दल तर दुमत होण्याचे कारणच नव्हते. शेपूट छाटल्यावर उरणाऱ्या 'कुंच'ला आणि पोट काढल्यावर उरणाऱ्या 'कुंला'ला काही अर्थ नाही, ही बाब मला किरकोळ वाटली; 'कुंला' हा कुठल्यातरी बोलीतला शब्द असेल, असे मी सुचवूनही पाहिले. परंतु माझ्या मावसभावाने वेगळीच फट शोधली. तो संगणकाच्या क्षेत्रात आहे. त्याने विचारले की, कुंचल्यातला अनुस्वार अक्षर म्हणून धरायचा की नाही? संगणकाच्या लेखी 'कुंचला' या शब्दात क, उकार, अनुस्वार, च, ल आणि काना अशा सहा खुणा आहेत. मी म्हणालो की, मराठीत अक्षरे तोंडाने मोजतात. त्यावर त्याने सांगितले की, 'स्त्री' हे आपण एकच अक्षर समजतो, पण तिथेही स, त आणि र, दोन पाय मोडल्याच्या खुणा आणि एक वेलांटी मिळून संगणक सहाच मोजतो. म्हणजे त्याच्या दृष्टीने स्त्री आणि कुंचला यांच्यात काही फरक नाही. या वाक्यावर गटातील सर्व स्त्रियांनी एकाच वेळी आक्षेप घेतला आणि पुढची वीस मिनिटे कोडे बाजूला पडले.

त्यानंतर दाजींनी 'सरडा' आणला. आमचे दाजी वकील आहेत आणि निकालापेक्षा युक्तिवादावर त्यांची श्रद्धा अधिक आहे. सरड्याचे डोके उडवले की 'रडा' असा हुकूम निघतो, इथवर त्यांनी आम्हा सगळ्यांना जिंकले होते. शेपूट छाटल्यावर 'सर' उरते. पावसाची सर भिंतीवर आली की भिंतीचा रंग गडद होतो, आणि गडद करणे हा रंगवण्याचाच एक प्रकार आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. पोट काढल्यावर 'सडा' उरतो. सडा हा रंग कसा, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी उलट मलाच विचारले की, सरड्याचा स्वतःचा रंग कोणता ते आधी मी सिद्ध करावे. ते मला करता येईना. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते हे आम्ही ऐकून होतो. दाजींनी त्याला कुंपण ओलांडायला लावून भिंतीवर चढवले आणि तिथे बसवून ठेवले. सात जणांनी अंगठे दाखवून त्याला मान्यता दिली. नऊ वाजून गेले होते. 'पोटात कावळे ओरडू लागले आहेत, मी जेवून येतो. तोवर सरड्याला कोणी अंतिम समजू नये,' असे बजावून मी फोन पालथा ठेवला.

जेवून परत येतो तो आतोबांनी सूत्रे हाती घेतलेली. आतोबांनी तीस वर्षे संस्कृत शिकवले आहे, आणि कोडे सुटण्यापेक्षा ते कोणत्या प्रकारचे आहे हे ठरण्यात त्यांना रस असतो. दण्डीने काव्यादर्शात प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. त्यांतला हा कोणता, हे कळल्याखेरीज डोके उडवण्याची घाई करणे अडाणीपणाचे होय, असे त्यांनी लिहिले होते. त्याच दण्डीने प्रहेलिकांचे तीन उपयोग सांगितले आहेत: मित्रमंडळीत करमणूक, गर्दीत गुप्त बोलणे आणि दुसऱ्याला भ्रमात पाडणे. यांपैकी तिसरा उपयोग मावशीने करून दाखवलेला असल्यामुळे या शास्त्राबद्दल माझा आदर वाढला. मग मासल्यादाखल त्यांनी तो प्रसिद्ध श्लोक दिला, ज्यात केशव पडलेला पाहून द्रोणाला हर्ष होतो आणि सगळे कौरव 'हा हा केशव' करीत रडू लागतात. ऐकणारा गोंधळतो, कारण द्रोण तर कौरवांच्या बाजूचा. पण 'के' म्हणजे पाण्यात, 'शव' म्हणजे प्रेत, 'द्रोण' म्हणजे डोमकावळा आणि 'कौरव' म्हणजे कोल्हे. पाण्यात पडलेल्या प्रेतावर डोमकावळ्याला बसता येते, कोल्ह्यांना पोहोचता येत नाही. आतोबांनी हे सर्व एकेका शब्दाची फोड करून, चार संदेशांत समजावून सांगितले. आम्ही सर्वांनी हात जोडले आणि, हे सारे रंजक असले तरी मूळ कोड्याकडे वळावे, अशी त्यांना नम्र विनंती केली.

खरी प्रगती केली ती माझ्या बायकोने. ती गटावर क्वचितच लिहिते. तिने शेजारच्या खोलीतून 'पिवळा' असे लिहून पाठवले. डोके उडवले की 'वळा', म्हणजे हुकूम, आणि शब्द तर स्वतःच रंग! पोट काढल्यावर 'पिळा' असा दुसरा हुकूम निघत होता आणि शेपूट छाटल्यावरच्या 'पिव'चे काय करायचे ते कोणालाच सुचेना, पण 'वळा' सर्वांच्या मनात भरला. शेवटची दोन अक्षरे सापडली, आता फक्त पहिले हवे, असे जाहीर करून मावसभावाने स्वरांपासून क्रमाने जायची शिस्तबद्ध योजना मांडली. क्रमाने गेलो असतो, तर काही मिनिटांचेच काम होते, हे आता दिसते. परंतु दुसऱ्याच स्वराला 'आवळा' आला आणि दाजी उभे राहिले. आवळा हे फळ असले, तरी तो आवळण्याचा हुकूमही आहे. मग डोके न उडवताच हुकूम सोडणाऱ्या शब्दाला हे कोडे लागू होईल काय, हा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. तो निकाली निघेपर्यंत वहिनीने 'सावळा' सुचवून बाद करवून घेतला, आणि पावणेअकराला काकांनी दाजींच्या सर्वांत लांब संदेशाच्या बरोबर खाली, मागेपुढे काहीही न लिहिता, एकच शब्द टाकला: 'बावळा'.

काकांच्या मनात कोडेच होते, याविषयी मला शंका नाही. डोके उडवले की 'वळा' आणि शेपूट छाटली की 'बाव', म्हणजे विहीर, इतका त्यांचा हिशेब झालेला होता. तो त्यांनी नंतर सविस्तर मांडलाही. पण तोवर दाजी गटातून बाहेर पडले होते. त्यांना परत आणण्यात साडेअकरा वाजले. ते आले आणि आल्या आल्या त्यांनी सरडा मागे घेत नसल्याचे स्पष्ट केले. या सगळ्यावर आतोबांनी भामहाचे एक वचन पाठवले, ज्यात भाष्याशिवाय न कळणाऱ्या काव्याबद्दल तो आचार्य हळहळतो: 'उत्सवः सुधियामेव हन्त दुर्मेधसो हताः'. बुद्धिमंतांचा तेवढा उत्सव होतो, मंदबुद्धीचे बिचारे मारले जातात. हे कोणाला उद्देशून आहे असे विचारण्याचे धैर्य कोणात उरले नव्हते.

मी अंथरुणात पडून दोन वाजेपर्यंत शब्दांची डोकी उडवत होतो. डोळा लागला तेव्हाही कोणीतरी 'वळा, वळा' म्हणत होते आणि मी कूस बदलत होतो.

सकाळी सहा वाजता मावशी उगवली. तिने रात्रीचे एकशे ब्याऐंशी संदेश वाचले असावेत, कारण तिचा संदेश एवढाच होता: 'वर वाचा. उत्तर दोघांनी लिहिले आहे.' मग घरोघरी अंगठे वर सरकू लागले. कावळा. डोके उडवले की 'वळा'. शेपूट छाटली की 'काव', म्हणजे भिंतीला लावतात ती तांबडी माती. पोट काढले की 'काळा'. आणि तो शब्द रात्री नऊच्या सुमारास, पोटासकट, माझ्याच हाताने गटावर लिहिलेला होता.

मी ताबडतोब विजयाचा दावा दाखल केला. दाजींनी त्याला हरकत घेतली: माझे कावळे अनेकवचनी आहेत, आणि 'कावळे'चे पोट काढल्यास 'काळे' उरते, डोके उडवल्यास 'वळे', आणि तो हुकूम होत नाही. आतोबांनीही दावा केला; पण त्यांचा डोमकावळा पाच अक्षरी निघाला. मावशीने दोघांनाही अर्धा-अर्धा गुण देऊन प्रकरण मिटवले. मला हे पटले नाही, म्हणून मी आतोबांना खासगीत लिहिले की, आपल्या दोघांचे अर्धे एकत्र केले तर एक पुरा गुण होतो, तो या वेळी मला द्यावा, पुढच्या वेळी तुम्ही घ्या. त्यांचे उत्तर तत्काळ आले: त्यांच्या श्लोकातला द्रोण एकवचनी आहे, तेव्हा मी आधी माझ्या पोटातले जास्तीचे कावळे उडवून लावावेत, मग तडजोडीचे बघता येईल.