नवख्याच्या हाती आधी पुस्तक की आधी फासा? एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

टेबलावरच्या रोलप्लेइंग खेळांशी, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन, फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याच्या खेळांशी, नवख्यांची ओळख कशी करून द्यावी, यावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे की, नियमपुस्तक न वाचता आलेल्याला तयार पात्र देऊन बसवले तर तो खेळाडू न होता प्रेक्षक होतो. नवख्याला जादूगाराचे पात्र देऊ नये. मराठी आणि कन्नड मिसळल्याने गोंधळ उडतो. आणि बेळगावात मी चालवतो तो खेळ नसून ‘शिशुवर्ग’ आहे. मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ज्या टेबलावर आपण एकदाही बसला नाहीत, त्याला शिशुवर्ग म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? ‘या पद्धतीने नियम कच्चे राहतात’ एवढेच लिहिले असतेत, तर मीही दोन ओळींत उत्तर देऊन थांबलो असतो.

जादूगाराबाबत आपण म्हणता ते मान्य आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या अशाच खेळाच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीत पहिल्या पातळीच्या विझार्डच्या, म्हणजे जादूगाराच्या, मंत्रपुस्तकात सहा मंत्र असतात, त्याखेरीज तीन कँट्रिप, म्हणजे हवे तितक्या वेळा वापरता येणारे साधे मंत्र, आणि त्या दिवसापुरते कोणते मंत्र तयार ठेवायचे हा हिशेब वेगळाच. पहिल्या संध्याकाळी फायटर, म्हणजे साधा लढवय्याच बरा.

आता ‘प्रेक्षक’ या शब्दाकडे वळतो, कारण तो मला लागला आहे. मी स्वतः आपल्याला पसंत असलेल्या पद्धतीनेच शिकलो. कॉलेजात असताना एका टेबलावर जाडजूड इंग्रजी पुस्तक हातात ठेवून ‘वाचून झाले की ये’ असे सांगण्यात आले. मराठी माध्यमातून आलेला मी शब्दकोश शेजारी ठेवून ते वाचत राहिलो. माझ्याबरोबर आलेले दोघे मित्र मात्र पुन्हा फिरकले नाहीत. गणेशोत्सवातील नाटकात समोरचा संवाद विसरला, तर प्रेक्षकांना पत्ता न लागू देता प्रसंग पुढे नेणारे ते दोघे होते. या खेळाला याहून वेगळे काय लागते? अशांना दारातून परत पाठवून त्या टेबलाने काय मिळवले, हे मला आजही उमगलेले नाही.

म्हणून माझ्या टेबलावर पहिला प्रसंग सर्वांच्या पायाखालच्या जागेवर घडतो, बहुधा येळ्ळूरच्या राजहंसगडावर. रात्र आहे, दरवाजा बंद आहे, तट चढायचा आहे. चढण्यासाठी लागणारा आकडा 15 आणि फाशावरच्या आकड्यात मिळवायची पात्राच्या कौशल्याची भर 5 असेल, तर वीस बाजूंच्या फाशावर 10 किंवा अधिक पडले पाहिजे, म्हणजे शक्यता 55 टक्के. शहापूरच्या एका मुलीने अशा वेळी विचारले, ‘वर पोहोचलेल्याने दोर धरला, तर मला सोपे जाईल ना?’ मदत मिळाली की दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, हा नियम मी तिला तेव्हा सांगितला. शक्यता जवळजवळ 80 टक्क्यांवर गेली. नियम तिने वाचलेला नव्हता, तिला त्याची गरज पडली होती. पुढच्या प्रत्येक संकटात ‘मला मदत कोण करतो?’ हा प्रश्न सर्वांत आधी तीच विचारते. तुमच्या व्याख्येनुसार ही मुलगी प्रेक्षक. मग खेळाडू कोणाला म्हणता, तेही एकदा सांगाच.

ही कल्पना माझ्या डोक्यातून निघालेली नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ 1974 मध्ये तीन छोट्या पुस्तिकांत निघाला, आणि त्या वाचून नवख्याला खेळ उभा करणे अवघड जाई. म्हणूनच 1977 मध्ये एरिक होम्स यांनी संपादित केलेला प्राथमिक संच काढावा लागला. फ्रँक मेंट्झर यांच्या 1983 च्या, लाल पेटीतल्या प्राथमिक संचात तर वाचक पहिल्या पानांपासून एकट्याने साहस खेळू लागतो आणि नियम वाटेत भेटत जातात. 2014 च्या नवशिक्यांच्या संचात पाच पात्रे तयार करून दिली होती आणि नियमपुस्तिका 32 पानांची होती. त्याच आवृत्तीचे खेळाडूंसाठीचे मुख्य पुस्तक 320 पानांचे आहे. खेळ काढणाऱ्यांनीच चालवलेल्या या ‘शिशुवर्गा’विषयी आपले मत काय आहे?

कन्नडबाबत फार लिहिण्याची गरज वाटत नाही. आपण कोठून लिहिता ते मला ठाऊक नाही. आमच्याकडे भाजी घेताना, बसमध्ये आणि शेजारच्या घरात दोन भाषा रोज एकत्र नांदतात, आणि फाशावरचा आकडा कोणी ‘हदिनैदु’ (पंधरा) म्हणून वाचला तर टेबलावर कोणीही गोंधळत नाही.

पुस्तकाला माझा विरोध असल्याचे आपण सुचवले आहे, तेही लेख नीट न वाचल्याचे लक्षण आहे. तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर खेळाडू स्वतःच पुस्तक मागतात आणि मी माझी प्रत देतो, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. माझ्या पद्धतीने शिकलेल्या खेळाडूंचा कोणता नियम कच्चा राहतो, हे नेमके दाखवून दिलेत तर मी त्यावर अवश्य लिहीन. मात्र पुन्हा ‘शिशुवर्ग’च लिहिणार असाल, तर त्या प्रतिक्रियेला उत्तर मिळणार नाही.