विकासावर बोलायचंय? संस्कार काढा!

चार लोकांत बोलायची हौस आहे आणि नागपूरच्या धरमपेठेतल्या एखाद्या मंडळाने 'विकास' या विषयावर बोलायला बोलावलंय? मग आकडेवारी गोळा करत बसू नका जी. रस्ता खचो, कारखाना न येवो, पोरं पुण्याला निघून जावोत, प्रत्येक वेळी एकच वाक्य चालतं: "मुळात आपल्या लोकांचे संस्कारच तसे नाहीत." म्हणताना नजर श्रोत्यांवरून फिरवायची. स्वतःवर येऊ द्यायची नाही.

सुरुवात जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरपासून करा. 1904-05 मध्ये त्याने प्रोटेस्टंट पंथीयांची काटकसर आणि कामावरची निष्ठा यांचा भांडवलशाहीशी संबंध जोडला. तो स्वतः बराच जपून बोलला होता, पण सभागृहात कोण तपासायला बसलंय? कन्फ्युशिअसच्या शिकवणीतून तशी भांडवलशाही उगवणं कठीण, असंही त्याचं म्हणणं होतं. पुढे कोरिया, तैवान, सिंगापूर वर आले आणि श्रेय त्याच कन्फ्युशिअसला मिळालं. 1997 मध्ये आशियाई चलनं कोसळली, तेव्हा तीच कौटुंबिक निष्ठा वशिलेबाजी ठरली. गोंधळून जाऊ नका. निकाल लागल्यावर बोलायचं, एवढं पथ्य पाळलं की झालं.

घरचं उदाहरण हवं असेल तर 'हिंदू विकासदर' आहेच. वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास रेंगाळणाऱ्या अर्थव्यवस्थेला अर्थतज्ज्ञ राज कृष्ण यांनी हे नाव दिलं. 1980 नंतर दर वाढला. तेवढ्यात लोकांनी देव बदलले होते का, असं कोणी विचारलंच तर हसून पाणी मागा.

आता नागपूर. इथे सामग्रीला तोटा नाही. डोक्यावर ऊन, ताटात तर्री पोहे, तोंडात "होऊन जाईल ना भाऊ". वैदर्भीय माणूस पडला समाधानी, त्याला धावपळ कशाला हवी, हे तर आपले मुंबई-पुण्याचे पाहुणेही आपल्याच घरी जेवून, ढेकर देऊन सांगतात. तुम्ही मान डोलवा. पाहुण्याला आडवं बोलायचे आपले संस्कार नाहीत.

फक्त दोन ठिकाणची नावं घेऊ नका.

एक एम्प्रेस मिल, ही कापडगिरणी. 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांनी ती सुरू केली, तेव्हा कामावर दांड्या मारणाऱ्यांची तक्रार होतीच. म्हणजे सिद्धान्त तयार होता, फक्त मांडायचा बाकी होता. पण या गृहस्थांना चांगला व्याख्याता भेटला नसावा. त्यांनी कामगारांच्या संस्कृतीवर परिसंवाद घ्यायचं सोडून बक्षिसं ठेवली, 1886 मध्ये पेन्शन फंड काढला, 1895 मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. गिरणी पुढे अनेक दशकं चालली. त्याच उन्हात, त्याच पोह्यांवर. आता त्या जागेवर मॉल आहे. तिकडे श्रोत्यांना खरेदीला पाठवा, इतिहासाला नको.

दुसरी जागा दीक्षाभूमी, आणि ती जास्त अडचणीची. संस्कार रक्तात असतात, पिढ्यानपिढ्या बदलत नाहीत, असं सांगायला तुम्ही उभे राहणार, आणि इथे 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह जुनी मूल्यं सोडली, नवी घेतली. बावीस प्रतिज्ञा उघड्या मैदानात म्हटल्या गेल्या. ज्यांना शाळेच्या दाराबाहेर बसवलं होतं, त्यांनी पोरं शिकवली. 2011 च्या जनगणनेत देशातल्या बौद्धांची साक्षरता 81 टक्क्यांवर आहे, देशाची 73 च्या आसपास. म्हणजे मूल्यांना वजन असतं, हे खरंच निघालं की! पण ती ठरवून बदलता येतात आणि बदलणाऱ्याला कॉलेज आणि राखीव जागाही लागतात, असं कबूल केलं तर व्याख्यानात उरलं काय? म्हणून दीक्षाभूमीची वास्तू किती भव्य आहे, एवढंच बोला.

अनुशेषाचा, म्हणजे विदर्भाच्या राहून गेलेल्या विकासाचा, विषय निघाला तर मात्र सावध. विदर्भाला महाराष्ट्रात घेताना झालेल्या 1953 च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्या आणि वर्षातून विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात, असं ठरलं होतं. अधिवेशन येतं. गाड्या येतात, हुरडा पार्ट्या होतात, मोर्चे टेकडी रोडवर अडवले जातात, जाताना संत्रा बर्फीचे डबे भरले जातात. बाकी काय राहिलं याचा हिशोब सरकारने नेमलेल्या दांडेकर समितीने 1984 मध्ये मांडला. 1994 मध्ये मागास भागांच्या विकासावर लक्ष ठेवणारी वैधानिक विकास मंडळं आली, 30 एप्रिल 2020 ला त्यांची मुदतही संपली. हे सगळं कंटाळवाणं आहे, त्यात फायली आहेत, तारखा आहेत आणि मुख्य म्हणजे सह्या करणारे आहेत. संस्कारांवर कोणाची सही नसते. म्हणून चटकन 'सिंचनासाठी आधी मनाची मशागत हवी' असलं काहीतरी टाका. टाळी पडते.

तरी मागच्या रांगेतलं एखादं पोरगं उठून विचारेलच, "काऊन जी, दिलेला शब्द पाळणं संस्कारात नाही येत का?" अशा वेळी घड्याळ बघा. तुम्हाला सव्वासातची गाडी गाठायची आहे, असं संयोजकांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. नागपूरचेच असलात तरी.