मेव्हण्याचे १५ गुण

आमच्या डेट्रॉइटमधून कॅनडा दक्षिणेला दिसतो. नदी ओलांडली की विंडसर. पण तिथे कायमचं राहायचं तर 'एक्सप्रेस एन्ट्री'च्या, म्हणजे शिकलेल्या-कमावत्या परदेशी लोकांना निवडायच्या कॅनडा सरकारच्या पद्धतीच्या, तक्त्यात १२०० पैकी गुण मिळवावे लागतात. इकडे ग्रीन कार्डात एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीय माणूस रांगेतच म्हातारा होतो. आणि शेजाऱ्याला नेमके म्हातारे चालत नाहीत! २९ पर्यंत वयाचे पूर्ण गुण, मग दर वाढदिवसाला ५ कमी, चाळिशीनंतर १० कमी, पंचेचाळिसाव्याला भोपळा. यंदा हिने माझ्यासाठी केकच आणला नाही.

त्यातून लग्न झालेलं. एकट्याला वयाचे जास्तीत जास्त ११०, जोडीदार बरोबर नेणाऱ्याला १००. जोडीदाराचे म्हणून ४० वेगळे, तेही त्याने कमवायचे.

"म्हणजे माझी किंमत चाळीस?"

"जास्तीत जास्त," मी म्हणालो. तेव्हा ती कॅल्क्युलेटर घेऊन बसली. वय तिचं कमी, एम.एस. तिचं, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतही तीच पुढे. मुख्य अर्जदार ती, मी सोबतचा जोडीदार. माझ्या ज्या बी.ई.बद्दल आई अजून कराडात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, तिचे गुण ८.

पण खरा धक्का पुढे होता. अर्जदाराचं किंवा जोडीदाराचं सख्खं भावंड कॅनडात स्थायिक असेल तर १५ गुण! हिचा भाऊ ब्रॅम्प्टनला असतो. लग्नात कानपिळीला त्याने माझा कान जरा मनापासूनच पिळला होता; तेव्हापासून त्याचा फोन आला की मी तो हिच्याकडे देत आलो. आता तोच माझ्या इंजिनिअरिंगच्या जवळजवळ दुप्पट. (दोन मेव्हणे असते तरी १५च. तेवढी दया कॅनडाने दाखवली आहे.)

फ्रेंच आलं तर आणखी ५० पर्यंत, पण तेही मुख्य अर्जदाराला. म्हणून संध्याकाळी ही फ्रेंचच्या क्लासला बसते आणि मी कुकर लावतो.

भावंड असल्याचा पुरावा म्हणून दोघांचे जन्मदाखले लागतात. हिच्या दाखल्यावर सासूबाईंचं नाव माहेरचं, त्याच्या दाखल्यावर सासरचं. म्हणजे सासूबाई एकच आहेत याचं प्रतिज्ञापत्र आलं. शेवटी मीच त्याला फोन केला.

"पाठवतो की दाजी, त्यात काय! पण यंदा दिवाळीला आम्ही सगळे तुमच्याकडे."

"किती दिवस?"

"पंधरा."


गुणाला एक दिवस. मी हो म्हणालो.