तो निळा-पांढरा वाडगा डेल्फ्टचा नाही

सध्या एक चित्र फिरतंय: डच चित्रकार विलेम काल्फचं १६६२चं, माद्रिदच्या थिसेन-बोर्नेमिसा संग्रहालयातलं. अर्धवट सोललेलं लिंबू, नॉटिलस शंखाचा प्याला आणि झाकणाचा वाडगा. खाली ओळ: ‘डेल्फ्टची जगप्रसिद्ध डच भांडी’.

वाडगा चिनी आहे, मिंग काळातला. त्याच्या अंगावर उठावदार चिमुकल्या माणसांच्या आकृत्या दिसतात ना, ते ताओ पंथाचे आठ अमर सिद्ध. डेल्फ्ट हे हॉलंडमधलं गाव; तिथलं भांडं म्हणजे पांढरी झिलई दिलेली साधी माती. कड उडाली की आतला पिवळसर रंग दिसतो. चिनी मातीची नक्कलच ती! मिंग सत्ता १६४४मध्ये कोसळली, चीनचा माल आटला, तेव्हा डेल्फ्टवाल्यांची चलती झाली.

खरा चिनी माल डच बाजारात गाजला तो लुटीतून. गोव्याहून लिस्बनला निघालेलं ‘साँ तियागो’ हे पोर्तुगीज जहाज डचांनी १६०२मध्ये अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटाजवळ पकडलं आणि त्यातली भांडी मिडलबर्ग या डच शहरात लिलावात काढली.

शंखही हॉलंडचा नव्हे. तो हिंद-प्रशांत समुद्रातला. युरोपीय म्हणावी ती फक्त त्याची धातूची बैठक. लिंबूसुद्धा दक्षिण युरोपाकडून आलेलं.