होज बदलले म्हणून गाडी निम्म्या अंतरात थांबत नाही

जुनी गाडी बाळगणाऱ्यांमध्ये ब्रेकविषयी एक सल्ला हातोहात फिरतो आहे. तो थोडक्यात असा: रबरी होज (चाकापाशी ब्रेकचं तेल नेणारी लवचिक नळी) काढा आणि स्टीलच्या जाळीचे लावा, गाडी निम्म्या अंतरात थांबेल. लांबी जरा जास्तच घ्या, म्हणजे ताण येणार नाही. आटे साधारण जुळले की पुरे, गळलंच तर टेफ्लॉन टेप गुंडाळा. एकदा बसवले की आयुष्यभर बघायला नको. मी स्टीलच्या होजच्या विरोधात नाही, माझ्या स्वतःच्या गाडीला तेच आहेत. पण हा सल्ला ऐकून कुणी ब्रेक उघडायला बसणार असेल, तर त्याआधी हे वाचावं.

आधी ते निम्मं अंतर. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडलला जोडलेल्या पंपात, दाब तयार होतो आणि पास्कलच्या नियमाप्रमाणे बंद तेलात तो सगळीकडे सारखा पोचतो. रबरी होज त्या दाबाने किंचित फुगतो. ती वाढलेली जागा भरायला थोडं जास्त तेल लागतं, म्हणून पेडल थोडं जास्त खाली जातं. पायाचा जोर तेवढाच असेल, तर कॅलिपरपाशी, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागापाशी, दाबही तेवढाच मिळतो. चाक किती घट्ट धरलं जाईल हे त्या दाबावर, पिस्टनच्या आकारावर, पॅडच्या घर्षणावर आणि डिस्कच्या व्यासावर ठरतं, आणि शेवटची मर्यादा टायरच्या पकडीची असते. आज रबरी होजवरच चाकं लॉक होत असतील, तर दुसरा कुठलाही होज गाडी त्याहून लवकर थांबवू शकणार नाही. होजमुळे बदलते ती पेडलची जाणीव. ते कडक लागतं, किती दाबायचं याचा अंदाज येतो, आणि हा फायदा खरा आहे.

मग लोकांना एवढा मोठा फरक जाणवतो तो कशाने? बहुतेकदा काढलेले होज वीस-पंचवीस वर्षांचे असतात, आणि बदलताना जुनं तेल जाऊन हवाही नीट काढली जाते. नवे रबरी होज लावले असते तरी पेडल बरंच सुधारलं असतं. अमेरिकी नियमात तर होजवरच ‘एचआर’ किंवा ‘एचएल’ छापतात. एचआर म्हणजे नेहमीइतका फुगणारा, एचएल म्हणजे कमी फुगणारा.

जुन्या रबराचा खरा धोका वेगळाच आहे. एका गाडीचं पुढचं डावं चाक ब्रेक सोडल्यावरही जाम राहायचं. कॅलिपरचं ब्लीड निपल (हवा काढायची छोटी तोटी) सैल केल्याबरोबर तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं, म्हणजे दाब आत अडकून राहत होता. होज बाहेरून काळाभोर, एक भेग नाही. तो कापला, तेव्हा आतलं भोक सुजून सुईच्या टोकाएवढं उरलेलं दिसलं. पायाचा जोर तेलाला तिथून पलीकडे ढकलत होता, परत यायला मात्र वाट नव्हती. होज बदलायला एवढं कारण पुरेसं आहे. नवा रबरी की स्टीलचा, हा नंतरचा प्रश्न.

‘साधारण जुळणारे आटे’ या सल्ल्याचा मला सगळ्यात राग येतो. जुन्या ब्रिटिश आणि अमेरिकी गाड्यांत ब्रेकच्या नळीला बहुधा ३/८ इंच व्यासाचा, इंचाला २४ आटे असलेला नट असतो. युरोपीय आणि जपानी कॅलिपरला सहसा एम१० × १ असतं, म्हणजे १० मिलिमीटर व्यास आणि दोन आट्यांत १ मिलिमीटर अंतर. ३/८ इंच म्हणजे ९.५२५ मिलिमीटर. दोन आट्यांमधलं अंतर १.०५८ आणि १ मिलिमीटर, म्हणजे डोळ्यांना फरक दिसत नाही. इंची नट मेट्रिक भोकात हाताने फिरत जातो आणि बसल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात आटे निम्म्याच्या आसपासच एकमेकांत अडकलेले असतात, आणि जोरात ब्रेक दाबला की तेच सोलून निघू शकतात. ड्रम ब्रेक काढून दुसऱ्या गाडीचे कॅलिपर लावताना हीच चूक होते, कारण एका टोकाला जुनी नळी असते आणि दुसऱ्या टोकाला परकं कॅलिपर. थ्रेड गेज (आटे मोजायची पट्टी) लावून दोन्ही टोकं मोजा आणि तशीच टोकं असलेला होज घ्या.

टेपचं थोडक्यात. इथे तेल आट्यांनी अडत नाही. ते अडतं नळीच्या फ्लेअरवर (पसरवलेल्या तोंडावर) किंवा तांब्याच्या वॉशरवर. टेपने गळती थांबत नाही, उलट तिचा तुकडा आत गेला तर तेलाची वाट बंद होते. गळत असेल तर फ्लेअरचा कोन बघा: ब्रेकच्या नळीचा डबल फ्लेअर ४५ अंशांचा, एएन फिटिंगचा (मूळ लष्करी मापाच्या जोडणीचा) ३७, आणि ही जोडी कितीही आवळली तरी बसत नाही. बँजो बोल्टला (मधून तेल जाणाऱ्या पोकळ बोल्टला) दोन्ही बाजूंना वॉशर हवा, दर वेळी नवा.

जास्त लांबी हा सुरक्षित पर्याय नाही. लोंबणारा होज टायरला नाहीतर स्प्रिंगला घासतो, आणि स्टीलची जाळी ज्याला घासेल त्याला करवतीसारखी कापत जाते. आधी तारेचा तुकडा होजच्या जागी धरून मोजा. चाक पूर्ण खाली लोंबलेलं आणि पूर्ण वर दाबलेलं, दोन्ही स्थितींत स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कुठेही ताण नको, स्पर्श नको, फिटिंगपाशी एकदम वाकणं नको. ज्या टोकाचे आटे होजपासून वेगळे फिरत नाहीत ते आधी कॅलिपरमध्ये आवळा, मग दुसरं टोक ब्रॅकेटमध्ये बसवून लॉकनट लावा, आणि शेवटी नळीचा नट आवळताना होजचा षटकोन दुसऱ्या पान्याने धरून ठेवा. उलट क्रमाने गेलात तर होजला पीळ पडतो. रबरी होजवरच्या लांब रेघा त्यासाठीच असतात: रेघ सरळ राहिली, तर पीळ नाही.

‘आयुष्यभर’ हा शब्द तर ब्रेकच्या कुठल्याच भागाला लावू नये. जाळीच्या आतली नळी टेफ्लॉनची. ती सुजत नाही, पण जाळीत शिरलेली रेती तिला बाहेरून घासते आणि ते दिसतही नाही. म्हणून वर प्लॅस्टिकचं आवरण असलेला होज घ्यावा. दुसरी कमजोर जागा टोकाच्या क्रिंपपाशी, म्हणजे फिटिंग होजवर दाबून बसवलेल्या जागी, असते, जिथे होज पुन्हा पुन्हा वाकतो. अमेरिकी वाहनसुरक्षेच्या एफएमव्हीएसएस १०६ नियमात होज यंत्रावर सतत ३५ तास हलवून बघायचा असतो आणि ४००० पीएसआय दाब २ मिनिटं सोसायला लावायचा असतो. होजवरची ‘डॉट’ खूण म्हणजे हा नियम पाळल्याची उत्पादकाची स्वतःची ग्वाही. तीही नसलेला होज मी चाकापाशी लावणार नाही.

हवा काढून झाली की पेडल पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरायला कुणाला तरी बसवा आणि तुम्ही टॉर्च घेऊन खाली जा. प्रत्येक जोडावर कोरडा पांढरा कागद टेका. त्यावर डाग उमटला, तर गाडी जॅकवरच ठेवा.